प्रदर्शनासाठी घेतलेला डीव्हीडी प्लेअर : दोन महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचनालयाच्या दालनात गावातील जुन्या वाड्यांवरची अकरा मिनिटांची चित्रफीत सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, कोणी हात न लावता, एकसारखी सुरू राहावी एवढ्याच कामासाठी मी हा साधा डीव्हीडी प्लेअर विकत घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणारे दोष या वर्गातील इतर यंत्रांतही आढळतात.

चित्र आणि आवाज यांविषयी तक्रार नाही. खरी अडचण रिमोटवरील 'रिपीट' या बटणापासून सुरू झाली. ते एकदा दाबले की चॅप्टर (चित्रफितीचा एक भाग), दुसऱ्यांदा टायटल (डिस्कवरील एक पूर्ण चित्रफीत), तिसऱ्यांदा संपूर्ण डिस्क पुन्हा पुन्हा लागते आणि चौथ्यांदा काहीच नाही, असा त्याचा क्रम आहे. पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारी खूण लक्षपूर्वक वाचली नाही, तर आपण कोठे थांबलो हे कळत नाही. पहिल्या दिवशी मी चॅप्टरवरच थांबलो आणि परिणामी पाहुण्यांना दुपारपर्यंत फक्त एका वाड्यातील आडाचे दर्शन घडत राहिले. त्याहून वाईट म्हणजे ही निवड यंत्राच्या स्मरणात राहत नाही. वीज गेली आणि परत आली की यंत्र लाल दिवा लावून नुसते बसून राहते, बटण दाबल्यावर मेनू उघडतो, आणि मेनूमागचे सनईचे तुकडे कोणी रिमोट हाती घेईपर्यंत वाजत राहतात. पेन ड्राइव्हवरून चित्रफीत लावूनही पाहिली, परंतु प्रत्येक नव्या फेरीच्या आरंभी फाइलचे नाव निळ्या पट्टीत झळकत असल्याने तो मार्ग सोडून दिला.

उपाय सापडला तो यंत्रात नव्हे, डिस्कमध्ये. १९९६ साली बाजारात आलेल्या डीव्हीडी-व्हिडिओच्या रचनेतच अशी सोय आहे की एखादे टायटल संपल्यावर यंत्राने काय करावे, याची आज्ञा डिस्कवरच लिहून ठेवता येते. 'डीव्हीडीस्टायलर' या, डीव्हीडी तयार करण्याच्या मोफत संगणक प्रणालीत मी मेनू काढून टाकला आणि टायटलच्या गुणधर्मांत, शेवटी पाळावयाच्या आज्ञेच्या जागी, 'जम्प टायटल १' (पहिल्या टायटलकडे जा) ही आज्ञा रोमन लिपीत भरली. अशी डिस्क आत सरकवली की चित्रफीत आपणहून सुरू होते आणि संपताच पुन्हा पहिल्यापासून लागते. रिमोट कपाटात कुलूपबंद ठेवला तरी चालते. चाचणीसाठी पुन्हा लिहिता येणारी डिस्क वापरावी, म्हणजे चुकलेल्या डिस्कची चळत साठत नाही.

तरीही एक सांधा उरतो. शेवटून आरंभाकडे जाताना लेझरच्या भिंगाला डिस्कवरील आपली जागा बदलावी लागते, आणि तेवढा वेळ, आमच्या यंत्रावर सुमारे दोन सेकंद, पडदा काळा पडतो. म्हणून मी तीच चित्रफीत एका टायटलमध्ये सलग दहा वेळा जोडली. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने ११० मिनिटांचे चित्रण ४.७ जीबीच्या डिस्कवर आवाजासह मावते, त्यामुळे तो सांधा अकरा मिनिटांऐवजी जवळजवळ दोन तासांनी एकदा येतो. शिवाय चित्रफितीचा आरंभ आणि शेवट काळ्या पडद्यावरच ठेवल्याने तो लक्षातही येत नाही. डिस्कवर कागदी लेबल मात्र चिकटवू नये. ते जरा एका बाजूला सरकले तरी डिस्कचा तोल जातो आणि आठ तास फिरताना घरघर ऐकू येते. मार्करने नाव लिहिलेले पुरते.

घरी सिनेमा पाहण्यासाठी हे यंत्र मी निःसंकोच सुचवीन. प्रदर्शनासाठी घेणार असाल तर दुकानातच डिस्क सुरू असताना प्लग काढून परत लावून दाखवण्यास सांगा. खटकन दाबून आत राहणारे जुन्या पद्धतीचे बटण असलेले यंत्र वीज येताच चालू होते, आणि वर सांगितल्याप्रमाणे केलेली डिस्क आत असेल तर चित्रफीतही आपोआप लागते. मी दुकानात ही परीक्षा घेतली नाही. मुलांचा हात पोहोचू नये म्हणून यंत्र उंच फळीवर ठेवले, आणि आता वीज आली की आमच्या शिपाईमामांना स्टुलावर चढून त्याचे बटण दाबावे लागते.