मॉक ड्राफ्ट सिम्युलेटर: फाल्कन्स कोणाला उचलणार, हे त्यातून कितपत कळतं?

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी कॉलेजमधले नवे खेळाडू निवडणं. हा आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात ज्याची सर्वात वाईट कामगिरी, त्याची पाळी पहिली. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा बत्तिसावा. 32 संघ, 7 फेऱ्या. 2025 मध्ये ग्रीन बे शहरात झालेल्या ड्राफ्टमध्ये एकूण 257 खेळाडू निवडले गेले. आपल्या संघाच्या वाट्याला यातला कोण येणार, हे आधीच ताडून पाहण्यासाठी जी साधनं आहेत, त्यांना मॉक ड्राफ्ट सिम्युलेटर म्हणतात. पीएफएफ, पीएफएन आणि फॅनस्पीक ही त्यातली जास्त वापरातली नावं. बटणं आणि रंगरूप वेगळं असलं तरी आतला सांगाडा तिन्हींचा एकच आहे, म्हणून हे परीक्षण एकेका साइटचं नसून या साधनाचं आहे. पारखण्यासाठी संघ घेतला आहे अटलांटा फाल्कन्स, कारण या संघाने 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं सिम्युलेटरला उघडं पाडलं.

निकाल आधीच सांगतो. आपल्या पाळीपर्यंत कोण शिल्लक राहील, हे सिम्युलेटर चांगलं सांगतं. आपला संघ त्यातला कोणाला घेईल, हे फारसं सांगू शकत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि बहुतेक चाहते पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात.

आत काय चालतं ते पाहू. सिम्युलेटरकडे एक बिग बोर्ड असतं, म्हणजे खेळाडूंची पहिल्यापासून शेवटपर्यंतची क्रमवारी. दुसरी यादी प्रत्येक संघाच्या गरजांची: कोणाला कॉर्नरबॅक हवा, कोणाला लेफ्ट टॅकल (ही मैदानावरच्या जागांची नावं). पाळी आली की बोर्डावरच्या वरच्या काही नावांना गरजेनुसार गुण मिळतात, त्यात जागेचं मोल मिसळतं (चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, काठावरून त्याच्यावर धावून जाणारा एज रशर, त्याला वाचवणारा टॅकल यांना जास्त, सेफ्टी, गार्ड, रनिंग बॅक यांना कमी), वर थोडी यदृच्छा टाकली जाते आणि एक नाव बाहेर पडतं. बस, एवढंच. प्रशिक्षकाच्या डोक्यात काय आहे, डॉक्टरांच्या अहवालात काय आहे, यातलं काहीही या यंत्राला दिसत नाही.

म्हणून सेटिंग्ज नीट लावणं फार महत्त्वाचं. पीएफएफमध्ये यदृच्छा, गरज आणि जागेचं मोल यांचे सरकपट्टे आहेत. यदृच्छा शून्यावर ठेवली तर प्रत्येक वेळी जवळपास तोच ड्राफ्ट मिळतो, शिकायला काही उरत नाही. पूर्ण वर नेली तर पहिल्या फेरीत चौथ्या फेरीतली नावं दिसू लागतात. मधल्या खुणेच्या किंचित खाली ठेवावी. गरजेची पट्टी मात्र मुळात ठेवलेली असते त्याहून कमी करावी, विशेषतः पहिल्या फेरीसाठी. बहुतेक संघांच्या स्वतःच्या बोर्डावर पहिल्या फेरीच्या तोडीचे खेळाडू साधारण 15 ते 20 असतात. त्यातला एखादा खाली घसरत आला की गरज बाजूला ठेवून तो उचलला जातो. पाचव्या-सहाव्या फेरीत उलट होतं: तिथे राखीव जागा आणि स्पेशल टीम्सची (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांची) भरती चालते, त्याचा अंदाज या साधनाला जवळपास येतच नाही. म्हणून पहिल्या 100 पिकांपुढे (पिक म्हणजे निवडीची एक पाळी) अंदाज म्हणून धाव घेण्यात, म्हणजे सिम्युलेटर चालवण्यात, अर्थ नाही.

धाव सुरू करण्याआधी पिकांचा क्रम तपासा. इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. भरपाईची पिकं, म्हणजे करार संपून गेलेल्या खेळाडूंच्या बदल्यात लीग देते ती, तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जोडली जातात आणि मार्चमध्ये जाहीर होतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या धावांमध्ये ती अंदाजाने बसवलेली असतात, त्यामुळे 97 च्या पुढचे आकडे सरकतात. फाल्कन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. फ्री एजन्सीच्या, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंना घेण्याच्या, नियमभंगाबद्दल लीगने जून 2024 मध्ये त्यांचं 2025 चं पाचव्या फेरीचं पिक काढून घेतलं. जुन्या यादीवर चालणाऱ्या साधनात ते पिक तसंच दिसलं, तर त्या धावेतला तिसरा दिवस (चौथी ते सातवी फेरी) काल्पनिकच समजायचा. गरजांची यादीही मार्चच्या मध्यानंतर, फ्री एजन्सीची पहिली लाट ओसरल्यावरच भरवशाची होते.

आता फाल्कन्सची कसोटी. मार्च 2024 मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी 4 वर्षांचा, 18 कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. त्या क्षणी गरजांच्या यादीतून क्वार्टरबॅकचा रकाना पुसला गेला. आठव्या पिकावर सिम्युलेटर एज रशर देत राहिलं, कारण संघाची पासरश, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाण्याची ताकद, खरोखर दुबळी होती. 25 एप्रिलला डेट्रॉइटमध्ये फाल्कन्सने आठव्या पिकावर घेतला मायकेल पेनिक्स ज्युनियर, क्वार्टरबॅक. शंभर धावा घेऊनही हे नाव आलं नसतं, कारण यंत्रासाठी गरज म्हणजे आजची गरज. कझिन्स तेव्हा 35 वर्षांचा होता, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याची टाचेमागची अकिलीस शीर फाटली होती, आणि संघ दोन-तीन वर्षांपुढचं पाहत होता. म्हणून एक पक्का नियम: तिशी ओलांडलेला क्वार्टरबॅक असलेल्या संघाला गरजांच्या यादीत क्वार्टरबॅक स्वतःच्या हाताने जोडा, मधल्या प्राधान्याने का होईना. ज्या साधनात गरजा बदलता येत नाहीत, तिथे निदान कागदावर तशी खूण करून ठेवा.

2025 ची गोष्ट याहून बोधक आहे. पंधराव्या पिकावर फाल्कन्सने जॉर्जिया विद्यापीठाचा जेलन वॉकर घेतला. पासरश ही गरज सगळ्यांना दिसत होती, तरीही काही धावांमध्ये वॉकर त्यांच्याकडे जात नाही. कारण शिक्क्याचं आहे. वॉकर कॉलेजमध्ये लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) म्हणूनही खेळला आणि काठावरून रशही केला. बोर्डावर त्याच्या नावापुढे लाइनबॅकर लिहिलं असेल तर एज रशरची गरज त्याला लागूच होत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या पिकावर जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने घेतलेल्या ट्रॅव्हिस हंटरचंही तसंच, बचावात कॉर्नरबॅक आणि आक्रमणात वाइड रिसीव्हर, दोन्ही. असे दोन जागांचे खेळाडू पहिल्या फेरीत तीन-चार तरी असतात. धाव घेण्याआधी त्यांची नावं शोधा, साधनाने त्यांना कोणता शिक्का मारला आहे ते पाहा, आणि त्यांच्याबद्दलचा निकाल वेगळा धरा.

पण खरी गंमत पुढे झाली. वॉकर घेतल्यावर सिम्युलेटरच्या हिशेबात एज रशरची गरज भागली. पुढच्या पिकावर ते कॉर्नरबॅक किंवा सेफ्टी दाखवणार. फाल्कन्सने मात्र लॉस एंजेलिस रॅम्सकडून 26 वं पिक मिळवून टेनेसी विद्यापीठाचा जेम्स पीअर्स ज्युनियर घेतला, म्हणजे एकाच रात्री दुसरा एज रशर. किंमत होती 46 वं पिक, 242 वं पिक आणि 2026 चं पहिल्या फेरीचं पिक; बदल्यात 26 बरोबर 101 वं आलं.

हा सौदा सिम्युलेटरला का सुचत नाही, ते आकड्यांत पाहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजमध्ये जिमी जॉन्सनच्या काळात तयार झालेला पिकांच्या मोलाचा तक्ता आजही मोजपट्टी म्हणून चालतो. त्यात पहिलं पिक 3000 गुणांचं, सोळावं 1000, बत्तिसावं 590. 26 वं पिक 700 आणि 101 वं 96, मिळून 796. फाल्कन्सने दिलेलं 46 वं 440, आणि 242 वं जेमतेम एक गुण. तूट साधारण 355. पुढच्या वर्षीचं पिक एक फेरी उतरवून मोजण्याची रीत आहे, म्हणजे पुढचं पहिल्या फेरीचं पिक आज दुसऱ्या फेरीच्या मध्याइतकं, सुमारे 420. सौदा बसतो, फाल्कन्सने थोडं जास्त दिलं. हंटरसाठी जॅग्वार्सने क्लीव्हलंडशी केलेला सौदाही याच मोजमापात बसतो: 5 वं, 36 वं आणि 126 वं देऊन 2 रं, 104 थं आणि 200 वं घेतलं; तूट 410 च्या आसपास, आणि ती भरायला पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीचं पिक. म्हणजे हिशेब यंत्राला येण्यासारखाच आहे. येत नाही ती इच्छा. संगणकाच्या हातातले संघ पुढच्या वर्षीची पिकं क्वचितच पणाला लावतात, आणि स्वतःहून वर चढण्याची मागणी तर त्याहून कमी करतात.

फाल्कन्सचा इतिहास मात्र उघड्यावर होता. टेरी फाँटेनो 2021 मध्ये जनरल मॅनेजर झाले. 2022 मध्ये 43 वरून 38 वर चढून आर्नल्ड एबिकेटी, 2023 मध्ये 44 वरून 38 वर चढून मॅथ्यू बर्जरॉन, 2024 मध्ये 43 वरून 35 वर चढून रूक ओरोरोरो. तिन्ही लाइनवरचे खेळाडू, तिन्ही वेळा दुसऱ्या फेरीच्या पाळीची वाट न पाहता पुढे उडी. 2024 च्या उडीत तर 43 वं आणि 79 वं देऊन 35 वं आणि 186 वं घेतलं. तक्त्याप्रमाणे शंभरेक गुण जास्त मोजले. 2025 मध्ये तेच घडलं, फक्त उडी पहिल्या फेरीत गेली. हा नमुना कोणत्याही बोर्डावर नसतो, पण चार वर्षांच्या सौद्यांची यादी काढायला अर्धा तास पुरतो, आणि माझ्या मते तो अर्धा तास सिम्युलेटरच्या पन्नास धावांपेक्षा मोलाचा आहे. कोणत्याही संघाचा अंदाज बांधताना आधी त्याच्या जनरल मॅनेजरचे सौदे पाहा: वर चढतो की खाली उतरतो, कोणत्या जागेसाठी चढतो, पुढच्या वर्षीची पिकं देतो का.

साधनातल्या ट्रेडच्या, म्हणजे पिकांच्या अदलाबदलीच्या, सोयीबद्दल सावध राहा. वापरणाऱ्याला तिथे फार झुकतं माप मिळतं. सलग चार वेळा खाली उतरून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सात पिकं गोळा करता येतात. प्रत्यक्षात समोर घेणारा संघ लागतो, आणि त्याला हवा असलेला ठरावीक खेळाडू त्या क्षणी शिल्लक असावा लागतो. अंदाजासाठीच्या धावांत ट्रेड पूर्ण बंद ठेवा. संघाच्या सवयीनुसार एखादाच ट्रेड घालून वेगळ्या धावा घ्या.

आता योग्य वापर. पहिल्या फेरीपुरत्या 50 धावा घ्या, ट्रेड बंद ठेवून. प्रत्येक धावेत आपल्या पाळीला उरलेल्यांपैकी ज्या सहा-सात नावांत तुम्हाला रस आहे, त्यांच्यापुढे रेघ मारा. 50 पैकी 35 वेळा उरला तर 70 टक्के, मात्र एवढ्या धावांत हा आकडा दोन्हीकडे 13 टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. 100 धावांत ही चूक 9 वर येते. त्यापुढे धावा वाढवून उपयोग नाही, कारण सगळ्या धावा एकाच बोर्डावर उभ्या आहेत. बोर्डच चुकलं असेल तर हजार धावाही एकाच दिशेने चुकतील. त्याऐवजी बोर्ड बदला. फॅनस्पीकमध्ये वेगवेगळी बोर्डं निवडता येतात, तिथे 25-25 च्या चार तुकड्या करणं जास्त शहाणपणाचं. दोन बोर्डांत ज्याच्या टक्केवारीत 40 चा फरक पडतो, त्या खेळाडूबद्दल कुणालाच खात्री नाही असं समजा.

बोर्डाच्या चुकीचा सर्वात मोठा उगम वैद्यकीय अहवाल असतो. मिशिगनचा कॉर्नरबॅक विल जॉन्सन 2025 मध्ये अनेक बोर्डांवर पहिल्या फेरीत होता. गुडघ्याच्या शंकेमुळे तो 47 व्या पिकापर्यंत घसरला आणि ॲरिझोनाने घेतला. दुसरा उगम क्वार्टरबॅकची जागा: शेड्यूर सँडर्स तर 144 व्या पिकापर्यंत, पाचव्या फेरीत गेला. क्लीव्हलंडने त्याच्या आधी 94 व्या पिकावर डिलन गेब्रियल हा दुसराच क्वार्टरबॅक घेतला होता. क्वार्टरबॅक एक तर बोर्डाच्या फार वर जातात, नाही तर फार खाली. मधे ते क्वचित थांबतात, आणि यदृच्छेची पट्टी हे दाखवू शकत नाही.

शेवटी मिळणारी श्रेणी, ए किंवा बी प्लस, सरळ दुर्लक्षित करा. ती त्याच बोर्डाशी ताडून दिलेली असते ज्यावरून खेळाडू निवडले गेले. बोर्डावर वर असलेला उशिरा मिळाला की श्रेणी वाढते. अंदाज बरोबर आला का, याच्याशी तिचा संबंध नाही. स्वतःची मोजणी ठेवायची असेल तर सोपी पद्धत अशी: पहिल्या फेरीत जाईल म्हटलेला गेला तर 1 गुण, संघही बरोबर असेल तर आणखी 2. म्हणजे पूर्ण गुण 96. तुमचे मार्च आणि एप्रिलचे अंदाज या मापाने तोलून पाहा, कोणत्या जागांवर नेहमी चुकतं ते दिसेल.

हे साधन सर्वात खरं ठरतं ते ड्राफ्ट सुरू झाल्यावर. पहिली फेरी अमेरिकेत गुरुवारी रात्री 8 ला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे 5.30, दुसरी आणि तिसरी शनिवारी पहाटे 4.30 ला, चौथी ते सातवी शनिवारी रात्री 9.30 ला. पहिली फेरी संपल्यावर जवळजवळ अख्खा दिवस हातात असतो. सगळ्या 32 संघांचा ताबा स्वतःकडे घेऊन झालेली पिकं जशीच्या तशी भरा, ट्रेड झालेले क्रम बदला, मग बाकीचे संघ संगणकाच्या हवाली करून दुसरी-तिसरी फेरी 30 वेळा चालवा. बोर्डावरचा सर्वात अनिश्चित भाग आता उघड झालेला असतो, कोण घसरतोय ते कळलेलं असतं. शनिवारी पहाटे पिकं सुरू होण्याआधी एकदा बातम्या बघून क्रम पुन्हा तपासा. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या पिकांचे सौदे बरेचदा याच मधल्या वेळात ठरतात.