ग्रीनर म्हणून घेतलेली दुनळी

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळे, कोयता, कुऱ्हाड, आणि त्यांच्या शेजारी पाटावर वडिलांची एकनळी बारा बोअर बंदूक. 2024 च्या दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली आणि तेवढ्यात सोनं द्यायला आलेला एक मित्र हसून म्हणाला, "भो, मुंगेरनी बंदूक हाई. हिले कोन पूजस?"

मुंगेर म्हणजे बिहारमधलं, नाव बदनाम झालेलं बंदुकांचं गाव. ते हसणं मला लागलं. पुढचे दीड-दोन महिने मी जो काही शहाणपणा केला तो या एका वाक्यापायी.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. केळी आणि मका. रानडुकरांचा कळप एकदा मक्यात शिरला की सकाळी तिथे बैल लोळवल्यासारखं दिसतं. वडिलांना पीकसंरक्षणाचा परवाना होता, त्यांच्या पश्चात तो माझ्या नावावर झाला. परवाना असला म्हणून डुक्कर मारता येत नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आम्ही बहुतेक वेळा हवेत एक बार काढतो, कळप पळतो, पुन्हा येतो. एवढ्या कामाला आवाज करणारी कुठलीही बंदूक पुरते, आणि वडिलांची बंदूक तीसेक वर्षं ते करत होती. उघडा घोडा, साधा कुंदा, चाप ओढला की बार. बिघडायला तिच्यात काही फारसं नव्हतंच.

पण बंदूक बाळगणाऱ्या माणसाला एक खोड असते. आम्ही चार-पाच परवानेवाले चहाला बसलो की विषय ठरलेला: कुणाची चांगली? एक जण कानपूरच्या .32 रिव्हॉल्व्हरचं कौतुक करायचा, दुसरा म्हणायचा त्याचा चाप ओढायला बैलजोडी लागते. इशापूरच्या .315 रायफलीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत: दिसायला राकट, पण दगा देत नाही. तिरुचिरापल्लीची, नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून भरायची पंप अ‍ॅक्शन दोघांनी हाताळलेली, बाकीच्यांनी फक्त ऐकलेली. आणि शेवटी गाडी यायची विलायतीवर. वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनर या इंग्लिश कंपन्यांची, नाहीतर बेल्जियमची दुनळी. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक मागवता येत नाही, त्यामुळे देशात आधीपासून आहेत त्याच हातोहात फिरतात आणि दर फिरणाऱ्याच्या मनावर. मुंगेरचं नाव घेतलं की लोक नाक मुरडतात. बंगालच्या नवाब मीर कासिमने 18 व्या शतकात तिथे बंदुकांचा कारखाना घातला, तेव्हापासून त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या कारागीर आहेत, परवान्याचे कारखानेही आहेत. पण चोरट्या कट्ट्यांमुळे नाव बदनाम झालं ते झालं. (आमच्या भागात मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून येणारी गावठी पिस्तुलं पकडली जातात, त्यांच्यावर 'मेड इन यूएसए' कोरलेलं असतं. नाव कोरायला काय लागतं, हे मला त्यावरूनच कळायला हवं होतं.)

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी एका मध्यस्थाचा फोन आला. जुन्या हत्यारांतला जाणकार म्हणून त्याची ओळख होती. धुळ्याच्या बाजूला एका वयस्कर गृहस्थांकडे ग्रीनरची दुनळी आहे, मुलं पुण्याला, कुणाला बंदुकीत रस नाही. त्याने सहा फोटो पाठवले. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव. कुंद्याचं अक्रोडाचं लाकूड. आणि नळ्या उघडून खालच्या बाजूचा फोटो, त्यात बर्मिंगहॅमच्या तपासणीचे छाप: मुकुट, आणि बाजूला हिऱ्याच्या चौकटीत 12 चा आकडा.

हा फोटो बघून मी पाघळलो. कारण मला हे माहीत होतं. इंग्लंडमध्ये बनलेल्या प्रत्येक बंदुकीला जादा दाबाचा बार काढून तपासतात आणि टिकली तरच छाप मारतात. बर्मिंगहॅमचं तपासणीघर 1813 चं, बेल्जियममधल्या लिएजचं तर 1672 चं, त्यांचा छाप अंडाकृती, आत ईएलजी अक्षरं. हे सगळं मी मित्रांना सांगायचो. 'छाप बघितल्याशिवाय घेऊ नये' हेही मीच सांगायचो. मग छाप बघितले की मी.

बंदूक मात्र बघायला मिळाली नाही. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यांत जमा झाली. माझी एकनळी इकडे जमा, ती दुनळी तिकडे जमा. मध्यस्थ म्हणाला, "भाऊ, ही तर सोयच झाली. मालक आजच लेखी कळवून टाकतील. तसेही 45 दिवस थांबायचं आहेच."

यात खोटं काही नव्हतं. खासगी माणसाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. दोन हत्यारांपर्यंत ठेवता येतात, 2019 च्या दुरुस्तीपूर्वी तीन ठेवता यायची. दुसऱ्या हत्याराची मंजुरी मी आधीच घेतली होती. सगळं कायद्यात बसत होतं, आणि ती बंदूक घेतानाची माझी निर्धास्ती त्यातूनच आली. मागणारे आणखी दोघे आहेत असं कळल्यावर 40,000 रुपये आगाऊ दिले. एकूण ठरले 1,10,000.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताबा घ्यायला त्या वयस्कर गृहस्थांकडे गेलो. पोहोचेपर्यंत दिवस कलला होता, आणि त्यांच्या ओटीवर एकच पिवळा दिवा. बंदूक हातात घेतली. जड, तोलदार, कुंदा खांद्याला छान बसला. उघडली, नळ्यांत ग्रीस. पुसायला रुमाल काढला तर मध्यस्थ म्हणाला, "राहू द्या, दमट दिवस आहेत, गंज चढेल. घरी गेल्यावर रॉकेलने नीट काढा." घोडे पाडून चाप बघावेत म्हटलं तर म्हणाला, "रिकाम्या नळीवर नको हो, विलायती पिना आहेत, तुटल्या तर मिळत नाहीत." दोन्ही गोष्टी जाणकारांच्याच तोंडच्या. रिकामा घोडा पाडू नये हे मीही दुसऱ्यांना बजावत आलो होतो. मी मान डोलावली, रुमाल खिशात घातला.

ग्रीनरच्या बंदुकीची खूण म्हणजे आडवा बोल्ट: नळ्यांच्या मागे निघालेल्या शेपटाला भोक असतं आणि बंदूक मिटली की त्यात आडवा दांडा सरकतो. भोक आहे एवढं मी बघितलं. नंबर परवान्याच्या कागदाशी ताडला, जुळला. पैसे रोख दिले. पावती फक्त 30,000 ची. "कागदावर कमी दाखवू, दोघांनाही बरं," असं ते म्हणाले आणि मी हो म्हणालो. इथे मला कुणी फसवलं नाही, माझा मी खड्ड्यात उतरलो.

नोंदणी झाली. टेबलावरच्या कारकुनाने नंबर बघितला, शिक्का मारला. गावात पाच-सहा जणांनी हाताळून वाहवा केली. "काय मंग, इलायती उनी का?" असं दसऱ्याच्या मित्रानेच विचारलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

जानेवारीत एका रात्री मक्यात डुकरं शिरली. दोन्ही नळ्या भरल्या, आभाळाकडे धरून उजवा चाप ओढला. दोन्ही बार एकदम उडाले. खांद्याला असा दणका बसला की मी बांधावर बसलोच. गालाला गरम हवेचा चटका जाणवला. बंदूक उघडायला गुडघ्यावर दाबावी लागली. डुकरं पळाली, हे खरं.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन एका काकांकडे गेलो. वरणगावच्या आयुध निर्माणीत त्यांची सगळी नोकरी काडतुसांच्या तपासणीत गेली. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण टेबलाच्या खणात व्हर्नियर आणि भिंग अजून असतं. त्यांनी आधी बंदूक रिकामी आहे का ते दोनदा बघितलं. मग नावाकडे न बघता नळ्यांखालचा लाकडी पुढा काढला. पुढ्याच्या आत चामड्याचा तुकडा कोंबलेला होता. तो काढून पुढ्याशिवाय बंदूक मिटली आणि कुंदा धरून हलवली. टक, टक. भिंगरीसारखी डुगडुगत होती. खिडकीकडे धरली तर नळ्या आणि मागची भिंत यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसत होती. माझ्या गालाला चटका तिथून बसला होता.

मग नळ्या वेगळ्या केल्या. ज्या आकड्यावर त्या फिरतात, त्याच्या खोबणीत पत्र्याची पट्टी डागलेली. ढिली बंदूक घट्ट भासावी म्हणून. दोन-चार बार सोसते, मग पत्रा चेपतो. शेपटाला भोक होतंच, पण काकांनी काडी घालून दाखवलं: त्यात सरकणारा दांडाच बंदुकीत नव्हता. भोक शोभेचं.

ग्रीस रॉकेलने काढलं तेव्हा काडतुसाच्या घरापुढे नळी देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची. खाली छापांच्या जागी तीन गोल ठसे, पंचाने ठोकलेले. भिंगातून मुकुट तर सोडाच, टोपीही दिसेना.

"नंबर?" काकांनी विचारलं.

मी कागद काढला. त्यांनी कागद बाजूला ठेवला. चांगल्या बंदुकीत एकच नंबर तीन ठिकाणी असतो: मधल्या पोलादी सांगाड्यावर, नळ्यांखाली आणि पुढ्याच्या लोखंडावर. माझ्या बंदुकीत सांगाड्यावर एक, नळ्यांवर दुसराच, पुढ्यावर काहीच नाही. परवान्यावर सांगाड्याचा नंबर. सरकारी कागदाला तेवढंच दिसतं.

मी हट्टाने फोनमधला फोटो काढून दाखवला. हे बघा छाप, हिरा, सगळं आहे. काकांनी फोटो मोठा केला आणि म्हणाले, "छाप खरे आहेत. पण हा अंगठा कोणाचा?" नळ्या धरणाऱ्याचा अंगठा बरोबर नळ्यांच्या नंबरावर होता. तो फोटो मी किमान 20 जणांना मिरवून दाखवला असेल. फोटो कुठल्या तरी खऱ्या इंग्लिश बंदुकीचा, बंदूक वेगळीच.

ही चाल नवी नाही, हे मला नंतर वाचून कळलं. 19 व्या शतकाच्या शेवटी बेल्जियममधून इंग्लिश नावांशी मिळतीजुळती नावं घातलेल्या स्वस्त बंदुका ढिगाने विकल्या जात. 'वेस्टली रिचर्ड्स' प्रसिद्ध, म्हणून 'डब्ल्यू. रिचर्ड्स'. पुढे 1925 पासून तर बर्मिंगहॅमला तपासायला आलेल्या परदेशी बंदुकांवर 'नॉट इंग्लिश मेक' असा छापच मारू लागले. म्हणजे साहेबाच्या देशातही लोक पट्टीवरचं नाव वाचून पैसे देत होते.

काकांनी आणखी एक सांगितलं, ते कुणाच्या तरी जिवाशी संबंधित आहे म्हणून लिहितो. खऱ्या जुन्या इंग्लिश दुनळ्यांत काडतुसाचं घर बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं असतं. 70 चं काडतूस त्यात बसतं, कारण न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असतं आणि आखूड असतं. उडताना ते उलगडतं, पुढे जागा नसते, आणि दाब वाढतो. तेव्हा बसलं म्हणजे चालेल असं समजू नका, घराचं माप घ्या. आणि बंदूक घ्यायला परवान्याच्या शस्त्रकारागिराला सोबत न्या, दिवसाउजेडी. ग्रीस पुसू देत नसेल तर तिथूनच परत या. रिकामे घोडे पाडायची भीती असेल तर त्यासाठी खोटी काडतुसं मिळतात, ती खिशात न्या. पैसे पूर्ण बँकेतून. माझ्याकडे 30,000 ची पावती आहे, उरलेले 80,000 मी कुठल्या तोंडाने मागू?

मध्यस्थाचा फोन आधी वाजायचा, आता वाजतही नाही. विकणारे गृहस्थ म्हणाले, "मी तर जशी होती तशी दिली, ग्रीनर तुम्हीच म्हणत होतात." पोलिसांत अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी परवाना बघितला, बंदूक बघितली, म्हणाले, "नंबर जुळतोय. तक्रार काय आहे?" मी नळ्यांचा नंबर दाखवला तेव्हा त्यांनी असा काही चेहरा केला की जुळत नसलेल्या नंबराची बंदूक माझ्याच घरात आहे, हे मला पहिल्यांदा नीट जाणवलं. अर्ज अजून तिथेच आहे. मित्र म्हणतात, विकून टाक. विकायची तर पुन्हा कळवणं, पुन्हा 45 दिवस, आणि समोरच्याला काय सांगू? गप्प बसलो तर त्या मध्यस्थात आणि माझ्यात फरक अंगठ्याएवढाच.

त्यानंतर नगरपालिकेच्या निवडणुकीत पुन्हा हत्यारं जमा करायची वेळ आली. दोन्ही घेऊन गेलो. हवालदाराने एकनळी घेतली, रजिस्टरात 'एसबीबीएल, देशी' लिहिलं. मग दुनळी उचलली, पट्टीवरचं नाव वाचलं, माझ्याकडे जरा आदराने बघितलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'डीबीबीएल, ग्रीनर, मेड इन इंग्लंड'. पावती घडी करून खिशात घातली. रात्री मक्यात डुकरं होती, पत्र्याचा डबा वाजवत फिरलो.