झोटेरो: संदर्भसूचीसाठी वर्षभर वापरलं, त्याचा रिव्ह्यू

शिवाजी विद्यापीठात पीएचडी करतोय, विषय शाहूकाळातला. गेलं वर्षभर झोटेरो वापरतोय, म्हणजे पुस्तकांचे संदर्भ साठवून सूची आपोआप लावणारं सॉफ्टवेअर, आणि मराठीत थीसिस लिहिणाऱ्यांना हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या सेंटरनं काढलेलं.

आधी पहिली तीन प्रकरणं राजारामपुरीतल्या एका डीटीपीवाल्याकडं टाइप करून घेतली होती. मजकूर बरा होता पण सूचीत निम्म्या ठिकाणी आडनाव आधी, निम्म्या ठिकाणी नाव आधी, आणि बऱ्याच नोंदीत प्रकाशकाच्या जागी मुद्रकाचं नाव घातलेलं, कारण जुन्या पुस्तकात दोन्ही शेजारीशेजारी छापलेलं असतंय. वर फाईल जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसतात ती पद्धत) नाहीच, त्यामुळं कॉपी करून दुसरीकडं चिकटवलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. १४० नोंदी परत हातानं भरल्या. म्हणून पहिलं सांगणं हेच की टायपिंग कुठंही करा, पण युनिकोडमध्येच करून मागा.

आता झोटेरो. नव्या पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) टाकला की लेखक, प्रकाशक, वर्ष बहुतेक वेळा आपोआप भरलं जातं. मराठी पुस्तकाची माहिती मात्र पुष्कळदा रोमन लिपीत येते, कारण ती परदेशी लायब्ररींच्या कॅटलॉगमधनं उचललेली असते, तेवढं देवनागरीत बदलून घ्यायचं. खरं काम जुन्या पुस्तकांचं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, तिथं जी जुनी पुस्तकं हाताळली त्यांना आयएसबीएन कुठनं असणार? पुस्तक समोर उघडं ठेवून एकेक रकाना स्वतः भरायचा. एकावर नुसतं 'शके १८३२' छापलेलं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१०, पण पुस्तक जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधलं असेल तर ७९ मिळवायचे, मग ते १९११ होतंय. मी तारखेच्या रकान्यात सन टाकतो आणि मूळ शके खाली 'एक्स्ट्रा'त लिहून ठेवतो, उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतंय. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे पण बघून भरा, कारण पान क्रमांक आपण हातात धरलेल्या आवृत्तीचा देतो, पहिल्या आवृत्तीचा नव्हे.

अजून एक, हे सापडायला मला दोन दिवस गेले. लेखक जर संस्था असेल, समजा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, तर नावाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करायचा. नाहीतर सूचीत 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती' असं छापून येतं, आणि ते बघून वाचणाऱ्यानं काय समजायचं?

वर्डमध्ये त्याचा वेगळा टॅब येतो. वाक्य लिहिलं, 'ॲड सायटेशन' दाबलं, आडनाव शोधलं, पान क्रमांक घातला, झालं. शेवटी सूची एका क्लिकवर. मी एमएलएमध्ये लिहीत होतो, तिसऱ्या प्रकरणानंतर गाइड सर म्हणाले एपीए करा. दोन्ही संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धती, पण फरक बराच आहे, एमएलएत कंसात आडनाव आणि पान, एपीएत आडनाव, वर्ष आणि मग पान, सूचीतही एमएलएत वर्ष प्रकाशकानंतर शेवटी येतं, एपीएत लेखकाच्या नावाला लागून कंसात. हातानं केलं असतं तर आठवडा गेला असता, इथं डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये स्टाइल बदलली आणि चहा प्यायला खाली गेलो. आणि आपल्याकडं पाटील किती! दोन वेगळे पाटील असले तर एपीएत मजकुरातल्या संदर्भात आद्याक्षरं लागतात, एकाच पाटलांची एकाच वर्षी दोन पुस्तकं असली तर वर्षापुढं ए, बी, हे सगळं ते स्वतः लावतंय. लई मोठं काम वाचलं.

पुस्तकाचं नाव दोन्ही स्टाइलमध्ये इटॅलिक येतं. देवनागरीत मात्र बहुतेक फॉन्टना खरं इटॅलिक नसतंच, अक्षरं नुसती तिरकी होतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. छापून बघितलं तर वाचवेना. सरांना दाखवलं, त्यांनी ठळक टाइप चालेल म्हणून सांगितलं. तुम्हीही आपल्या गाइडना सुरुवातीलाच विचारून घ्या.

नोंदींचं सिंक, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरही त्याच नोंदी दिसणं, फुकट आहे, पीडीएफ ठेवायला ३०० एमबी मिळतात, स्कॅन केलेली पुस्तकं टाकली तर ते लगेच भरतात, मी पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क त्या रोमन लिपीतल्या नोंदींचा कापला. बायंडिंगला देण्याआधी फाईलची वेगळी कॉपी करा आणि त्या कॉपीतच 'अनलिंक सायटेशन्स' दाबा, म्हणजे संदर्भ झोटेरोपासून सुटून साधा मजकूर होतात, मूळ फाईल तशीच राहू द्या, व्हायव्हानंतर दुरुस्त्या सांगितल्या तर तीच लागते.