सेलिब्रेट रिकव्हरी : दारूच्या आधीची जखम शोधणारा कार्यक्रम

१९९१ साली कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झालेला, व्यसन आणि मनाच्या जखमांतून सावरायला मदत करणारा हा ख्रिस्ती कार्यक्रम. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या नेहमीच्या १२ पायऱ्या, जोडीला येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर बेतलेली ८ तत्त्वं.

खरा कस लागतो चौथ्या पायरीवर, म्हणजे स्वतःच्या आयुष्याचा प्रामाणिक हिशेब मांडताना. कागदावर पाच रकाने: कोण, काय घडलं, परिणाम काय, नुकसान कुठे, माझा वाटा किती. शेवटचा रकाना अनेकदा कोराच राहतो. उलट, लहानपणी अत्याचार सोसलेली व्यक्ती तिथे नसलेला दोष स्वतःवर घेते. म्हणून हा तक्ता एकट्याने भरूच नये.

गटात बोलायला ३ ते ५ मिनिटं, मध्येच उपदेश बंद. (चर्चमध्ये हे विशेषच!)

उणीव एकच, पण मोठी: गटप्रमुख डॉक्टर नसतो. रोज भरपूर पिणाऱ्याने नुसत्या प्रार्थनेवर दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते.