पंज्यात काय आहे ते दिसतं का? ८×४२ दुर्बीण, ११ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून ही दुर्बीण घेतली (८ म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये), साडेतेरा हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई, चष्मा आहे, हात थोडे कापतात. दुकानदार १०×४२ गळ्यात मारायला बघत होता, "ताई, जास्त मोठं दिसतं." मोठं दिसतं खरं, पण हाताची थरथरही तितकीच मोठी होते. मी बाहेर येऊन समोरच्या इमारतीवरच्या पारव्याचे पाय दोन्हींतून बघितले आणि ८ वाली घेतली. माझी परीक्षा एकच: ससाण्यानं काय पकडलंय ते कळलं पाहिजे. नुसता ससाणा तर घारीला ससाणा म्हणणाऱ्या आमच्या ह्यांनाही दिसतो.

पहिली परीक्षा थेट नागालँडात, वोखा जिल्ह्यातल्या पांगतीला. सैबेरिया-चीनकडून येणारे अमूर ससाणे दोयांग जलाशयाकाठी काही दिवस मुक्काम करतात. पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून उसळले की त्यांची मेजवानी असते. इथे दुर्बिणीनं पैसे वसूल केले. पक्षी उडता उडता पाय पुढे घेतो, मान खाली वाकवतो आणि हवेतच खातो. किडा दिसत नाही हो, पण ती मान वाकवण्याची लकब अगदी स्वच्छ दिसते. २०१२ पर्यंत याच जागी जाळी लावून हे पक्षी हजारोंनी मारले जात. पुढच्याच हंगामात गावानं शिकार थांबवली. इथून ते भारत ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठतात. त्याच सुमारास पँटाला जातीचे चतुरही समुद्र पार करतात, आणि वाटेत ससाणे त्यांच्यावरच गुजराण करत असावेत असं अभ्यासक म्हणतात. दीडशे ग्रॅमचा पक्षी! माझी दुर्बीण सातशे ग्रॅमची आहे, आणि तिनंच माझी मान अवघडते.

तक्रार इथलीच. तिसऱ्या सकाळी डाव्या भिंगावर आतून वाफ धरली. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' छापलंय. पुण्याला आल्यावर सर्व्हिस सेंटरनं ती पाच आठवडे ठेवून घेतली, तीही चार फोन केल्यावर. दुरुस्ती फुकट झाली, एवढंच चांगलं.

हिवाळ्यात सासवडच्या माळावर खरूची, म्हणजे केस्ट्रेल, छोटा ससाणाच. ही वाऱ्यावर एका जागी पंख मारत लटकते, म्हणून नवख्यानं दुर्बिणीचा सराव हिच्यावर करावा. दर वेळी उंदीर उचलते असं समजू नका. मी बघितलेल्या शिकारींत नाकतोडेच जास्त, एकदा सरडा. नाकतोड्याचे लोंबणारे मागचे पाय साठेक पावलांवरून दिसले. फोकसचं चाक थोडं घट्ट आहे, पण माळावर चालून जातं.

भिगवणला चालत नाही. पाणथळीवर बहिरी ससाणा आला की आधी सगळी बदकं नि चिखलातले छोटे पक्षी एकदम उठतात, आणि तो वरून दगडासारखा पडतो. मी चाक फिरवेपर्यंत खेळ खल्लास. दोनदा गेले, दोन्हीदा फक्त घाबरलेली बदकं बघून परतले.

मार्चमध्ये सह्याद्रीतल्या एका कड्यासमोर बसले, शाहीनच्या घरट्यापासून बऱ्याच अंतरावर. (जागा विचारू नका, सांगणार नाही.) शाहीन म्हणजे बहिरी ससाण्याचाच आपल्याकडचा कायमचा रहिवासी, पोट तांबूस. बदकं नाहीत म्हणून याचं अडत नाही. पारवे, पोपट, पाकोळ्या, कड्यासमोरून जाईल ते. नर शिकार घेऊन आला, मादी उडत सामोरी गेली आणि हवेतच ती त्याच्याकडून घेतली. मग कपारीच्या तोंडाशी बसून पिसं उपटायला लागली. हिरवी पिसं वाऱ्यावर खाली तरंगत जाताना दिसली, म्हणजे पोपट. उजळ आभाळासमोर पक्ष्याच्या कडेला जांभळी रेघ येते, या किमतीत ती येणारच. कड्यासमोर मात्र रंग खरे.

चष्मा लावणाऱ्यांनी आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडी) पूर्ण खाली करून बघा, कडा कापल्या जात नाहीत. गळ्याचा पट्टा लगेच फेकून रुंद पट्टा घ्या.

अंधुक उजेडात मात्र ही हरते. जेजुरीकडच्या एका गावाबाहेर तुरुमतीची (हाही एक छोटा ससाणा) जोडी रोज तिन्हीसांजेला पिंपळावर येते. दोघं मिळून शिकार करतात, एक पिटाळतो, दुसरा पकडतो. दिवसा चंडोल, चिमण्या, आणि या वेळेला वटवाघळंसुद्धा. मादीच्या पायात काहीतरी काळं लोंबत होतं. पंख होता की शेपूट, डोळे ताणूनही कळलं नाही. वहीत त्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह आहे.