नटक्रॅकर रोप टो: एका हंगामाच्या वापरानंतर

न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात क्रेगीबर्न, ब्रोकन रिव्हर, टेंपल बेसिन, माउंट ऑलिंपस अशी क्लबांनी चालवलेली स्कीइंगची ठिकाणं आहेत. तिथे खुर्चीची लिफ्ट नाही. वर जायचं ते धावत्या दोराला स्वतःला अडकवून. यालाच रोप टो किंवा नुसतं टो म्हणतात. जुलै ते सप्टेंबर ही व्यवस्था वापरल्यावरचं मत आधीच सांगतो: सगळी मदार कमरेच्या पट्ट्यावर आणि दोर धरतानाच्या पहिल्या काही सेकंदांवर आहे. मनगटाच्या ताकदीचा नंबर त्यानंतर लागतो.

१९३४ साली अमेरिकेत व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनावर दोर फिरवून स्कीवाल्यांना वर ओढायला सुरुवात झाली. तो दोर लोक हातानेच धरत. पण चढ लांब आणि उभा असला की हात टिकत नाहीत. शिवाय दोर पेलायला वाटेत कप्प्या असतील, तर प्रत्येक कप्पीपाशी बोटं काढावी लागतात. नटक्रॅकरने या दोन्ही अडचणी सुटतात. हा आपल्या अडकित्त्यासारखाच, फक्त पात्याऐवजी दोर दाबणारे जबडे असलेला धातूचा चिमटा. तो आखूड दोरीने कमरेच्या पट्ट्याला बांधलेला असतो. जबड्यात दोर घेऊन मूठ आवळली की ओढ कमरेवर येते आणि चिमटा कप्प्यांवरून खडखडत पुढे जातो.

पट्टा बरगड्यांखाली बांधला तर दिवसाअखेर पाठ धरते. तो जॅकेटवरून, पण नितंबाच्या हाडांवर बसेल इतका खाली हवा. चिमट्याची दोरी ताणली गेल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. दोरी लांब पडली तर हात सरळ होतो आणि मूठ आवळायला जोर उरत नाही. आखूड पडली तर माणूस दोरावर ओणवा होतो. भाड्याच्या पट्ट्यात हे नीट होईपर्यंत रांगेत उभं राहू नये.

आता दोर धरणं. स्की समांतर, टोकं सरळ वर, गुडघे सैल. चिमटा उघडा करून दोरापासून लांबच्या हातात धरायचा. जवळच्या हाताने धावता दोर आधी सैल धरायचा, हातमोज्यातून सरकू द्यायचा आणि पकड हळूहळू वाढवायची. एकदम धरला तर खांद्याला हिसका बसतो आणि स्की मागेच राहतात. दोर आणि आपण एका वेगाने चाललो की चिमटा दोरावरून पलटी मारून टाकायचा, मूठ बंद करायची आणि दोरावरचा हात लगेच सोडायचा. हे सगळं पहिली कप्पी येण्याआधी व्हायला हवं. जमलं नाही तर दोर सोडून बाजूला व्हायचं आणि पुन्हा खाली रांगेत यायचं. कप्पीपाशी घाई करण्याची चूक बोटांवर बेतते.

मूठ नेहमी दांड्यांच्या टोकाशी धरावी. बिजागरीजवळ धरली तर सुपारी फोडताना दमते तशीच मूठ दमते आणि चिमटा घसरू लागतो. घसरण्याची आणखी दोन कारणं: सकाळी दोरावर साचलेलं हिम आणि झिजून गुळगुळीत झालेले जबडे. बिजागरीची खीळ सैल झाली की जबडे समोरासमोर बसत नाहीत, म्हणून चिमटा घेताना तो दोन-तीनदा उघडझाप करून बघावा.

वर जाताना वाट सोडून बाहेर झुकू नये. दोर बाजूला ओढला गेला की कप्पीवरून उतरतो, टो थांबतो आणि आपल्यासोबत सगळ्यांचा खोळंबा होतो. दोर ताणाखाली पीळ खात फिरतो, म्हणून मोकळे केस, मफलर, बॅगेचे लोंबते पट्टे आत खोचलेले हवेत. हा नियम कडक वाटतो, पण एकही अपवाद करू नये. पडलात तर मूठ उघडा आणि लोळत वाटेबाहेर या, कारण मागचा माणूस येतच असतो. वर उतरताना मूठ उघडून चिमटा दोरावेगळा झाल्याची खात्री करायची, मगच वळायचं. कुणी अडकून पुढे गेलाच तर टो बंद पाडणारी तार तिथे असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

हातमोज्यांवर चामड्याची खोळ घालणं अनिवार्य. नुसते स्कीचे हातमोजे धावत्या दोरावर फार लवकर फाटतात. ओल्या दिवशी दोरातून पिळून निघालेलं काळपट पाणी जॅकेटवर उडतं आणि डाग जात नाही, तेव्हा नवं पांढरं जॅकेट इथे आणू नये. खोळ ओली झाली तर हवेशीर जागी वाळवावी. शेकोटीजवळ ठेवली तर चामडं कडक होऊन चिरतं, आणि कडक खोळीतून पकड हळूहळू वाढवणं जमत नाही.

गुलमर्ग किंवा औलीला ओढ-लिफ्ट वापरलेल्यांना उभं राहून ओढलं जाण्याची सवय असते, तेवढा फायदा मिळतो. त्याच भागातल्या माउंट चीझमनला टी-बार आहे, म्हणजे उलट्या टीच्या आकाराच्या दांडीने मागून ढकलत वर नेणारी लिफ्ट. इंजिनिअर एर्न्स्ट कॉन्स्टामने १९३४ मध्ये स्वित्झर्लंडच्या दाव्होसला सुरू केलेल्या लिफ्टच्या घराण्यातला. त्यावर बसायचं नाही, दांडीला फक्त ढकलू द्यायचं, एवढं कळलं की काम भागतं. नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी. स्नोबोर्डवाल्यांना नटक्रॅकर जास्त जड जातो, कारण ते आडवे उभे असतात आणि दोर कधी छातीच्या बाजूला येतो, कधी पाठीच्या.

तरीही वाऱ्याच्या दिवसांत मला हाच टो खुर्चीपेक्षा आवडतो. दोर जमिनीलगत असल्यामुळे खुर्च्या बंद ठेवायला लावणाऱ्या वाऱ्यातही तो बरेचदा चालतो. त्याला जास्त छळतो तो बर्फ. फार पडला तर कप्प्या गाडल्या जातात, म्हणून मोठ्या हिमवृष्टीनंतर टो सुरू व्हायला वेळ लागतो. अशा सकाळी क्लबची माणसं फावडी घेऊन कप्प्या मोकळ्या करत असतात. आपणही एक फावडं उचलावं.