जुनं डेल्फ्ट हातात घेऊन बघायचं असेल तर अ‍ॅमस्टरडॅमच्या स्पीगलस्त्राटवरचं हे छोटं दुकान

अ‍ॅमस्टरडॅमला आलेला माणूस निळ्या पवनचक्कीचा मग घेऊन जातो, छान आहे, पण सतराव्या-अठराव्या शतकातलं खरं डेल्फ्ट (डेल्फ्ट या डच गावच्या नावाने ओळखली जाणारी निळी-पांढरी मातीची भांडी) बघायचं असेल तर राइक्सम्युझियमसमोरचा कालवा ओलांडा आणि सरळ न्यूवे स्पीगलस्त्राटवर या. अँटिकवाल्यांचीच गल्ली आहे ही. त्यातलं एक अगदी अरुंद दुकान मला फार आवडलं, कारण इथे वस्तू काचेआडून नाही दाखवत, मालकीणबाई स्वतः कपाट उघडून हातात देतात आणि म्हणतात आधी उलटी करून बघा.

नेहमीच्या प्लेटा, फुलदाण्या आहेतच, पण खरी मजा विचित्र वस्तूंची. न्हाव्याचं भांडं होतं, काठाला गळा टेकवायला अर्धगोल खाच असलेलं. ब्रशची नुसती निळी-पांढरी पाठ होती, केस केव्हाच गेलेले. आणि हेरिंग माशाची बशी! लांबट, छोटीशी, आत मासाच रंगवलेला, म्हणजे खाऊन संपला तरी बशीत मासा आहेच. मी ती बराच वेळ खाली ठेवली नाही. माशाच्या पाठीवरची रेघ एका फटक्यात ओढलीये, कारण तिथे खोडाखोड चालतच नाही. भाजलेल्या मातीवर कथलाचं पांढरं ग्लेझ चढवतात, ते वाळलं की रंग क्षणात शोषून घेतं, आणि कोबाल्ट तेव्हा काळपट दिसतो, निळा होतो तो पुन्हा भट्टीत गेल्यावर. रंगवणाऱ्याला आपला निळा नंतरच दिसायचा, तरी हात इतका ठाम, कमाल आहे.

हे पोर्सेलिन नाही बरं का, मातीचंच भांडं. डच ईस्ट इंडिया कंपनी (आपल्या वेंगुर्ल्यात जिची वखार होती तीच) चीनमधून पोर्सेलिन आणायची, 1644 ला मिंग राजवट कोसळली, तिकडच्या गोंधळात माल येईनासा झाला आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी ती जागा भरली. गावात बिअरच्या भट्ट्या बंद पडत होत्या, त्या इमारतींमधे हे कारखाने शिरले. 1653 चा डे पोर्सलेने फ्लेस तर आजही चालू आहे, त्या वेळच्या कारखान्यांपैकी तेवढा एकच टिकला.

आता मुख्य मुद्दा, दुकानाचा प्रामाणिकपणा. जुन्या डेल्फ्टच्या काठांना टवके असतातच, ग्लेझ उडून खालची पिवळसर माती दिसते, त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते न सांगता केलेल्या दुरुस्तीला. इथे मी एका फुलदाणीबद्दल विचारलं तर बाईंनी दिवे मालवून यूव्ही टॉर्च मारला आणि मानेचा जोडलेला भाग वेगळाच चमकला, वर त्यांनी स्वतःच सांगितलं की अजून एक जोड आतून आहे. खालच्या खुणांबद्दलही नीट समजावलं, AK म्हणजे "डे ग्रीक्स आ" नावाच्या कारखान्याचा आद्रियानुस कोक्स, पण जुन्या खुणांची नंतर भरपूर नक्कल झालीये त्यामुळे नुसत्या खुणेवर पैसे टाकू नका, माती, वजन, ग्लेझ सगळं बघा. आणि बुडावर ठळक "डेल्फ्ट" असं छापलं असेल तर तो बहुतेक अलीकडचाच माल.

बशीची किंमत माझ्या आवाक्यातली नव्हती, खरंच नव्हती, पण टाइल्स परवडतात. मी एक घेतली, साधारण 13 सेंटीमीटरची चौकोनी, मधे भोवरा खेळणारा मुलगा, चार कोपऱ्यांत बैलाच्या डोक्याची नक्षी, मागे जुना चुना चिकटलेला. कोपऱ्यांवर बारीक खिळ्याची भोकं आहेत, टाइल कापताना लाकडी साचा धरून ठेवायला त्यात खिळे असायचे त्यांची. बाई म्हणाल्या ही रॉटरडॅमची असणार, डेल्फ्टची नाही, टाइल्स जास्त करून बाहेरच्या गावांत व्हायच्या. डेल्फ्टची म्हणून सांगितली असती तरी मी घेतलीच असती, आणि हे त्यांनाही दिसत होतं, म्हणून मला हे दुकान जास्तच पटलं. बिलावर वर्णन, अंदाजे काळ आणि कुठे टवका आहे तेसुद्धा लिहून दिलं.

तक्रारी आहेत. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, प्रत्येक गोष्टीला विचारावं लागतं, लाजाळू माणूस तसाच परत जाईल. जागा इतकी कमी की पाठीवर सॅक असेल तर प्लीज बाहेरच काढून हातात घ्या, आणि लहान मुलांना घेऊन तर नकोच. रविवार-सोमवार या गल्लीत बरीच दुकानं बंद असतात.

साडेचार स्टार. आधी राइक्सम्युझियममधलं डेल्फ्ट बघून घ्या, तिथे डेल्फ्टचं अख्खं व्हायोलिन आहे, मातीचं, आणि मग इथे या, म्हणजे काय विचारायचं ते कळेल. पॅकिंग उत्तम करून देतात, पण विमानात चेक-इनला टाकू नका, केबिन बॅगमधेच ठेवा.